विश्वासू भाडेकरू : शोध कोणाचा, जबाबदारी कोणाची?

मध्यमवर्गीय माणूस आयुष्यभराची शिल्लक घालून दुसरे घर घेतो, ते भाड्याने द्यायचे ठरवतो आणि त्याच क्षणापासून घाबरू लागतो. प्रशासनात असल्यामुळे असे घाबरलेले लोक माझ्याकडे बरेच येतात. मागणी सर्वांची एकच : "साहेब, एखादा चांगला भाडेकरू सांगा ना. शक्यतो सरकारी नोकर." त्यापाठोपाठ अटी येतात. कुटुंब हवे, पण लहान. शाकाहारी असावे. वकील नको, पोलीस नको, पत्रकार नको, कारण हे लोक घर सोडत नाहीत. एकटा मुलगा नको आणि एकटी मुलगी तर नकोच. सर्वांत शेवटी, आवाज जरा खाली आणून, "आपल्यातलाच असेल तर बरे."

या यादीकडे नीट पाहावे. भाडे दरमहा वेळेवर येईल का, आणि मुदत संपल्यावर घर रिकामे होईल का, हे घरमालकाचे खरे दोन प्रश्न. यादीत ते थेट कोठेच नाहीत. आडनाव, आहार, लग्न, व्यवसाय या आडवाटांनी तो त्याच दोन प्रश्नांची उत्तरे शोधत असतो, कारण सरळ वाट त्याला बंद दिसते. ही सरळ वाट बांधून देणे हे शासनाचे काम होते. ते शासनाने गेल्या पाऊणशे वर्षांत केले नाही, उलट ठिकठिकाणी ती वाट स्वतःच उखडून ठेवली, असे माझे स्पष्ट मत आहे.

२०११ च्या जनगणनेत देशाच्या नागरी भागात सुमारे १ कोटी ११ लाख घरे रिकामी आढळली. केंद्राच्या २०१७-१८ च्या आर्थिक पाहणी अहवालाने असेही नोंदवले की शहरांतील भाड्याच्या घरांचे प्रमाण १९६१ मध्ये ५४ टक्के होते, ते २०११ मध्ये २८ टक्क्यांवर आले. रिकामे राहिलेले प्रत्येक घर भीतीपोटीच रिकामे आहे असे मी म्हणणार नाही. कोणी गुंतवणूक म्हणून कुलूप लावून ठेवले असेल, कोणाचा वारसाहक्काचा तंटा असेल. परंतु कुलूप लावलेल्या घराचा मालक भाड्याचे उत्पन्न सोडून देतो, वर देखभाल खर्च भरतो, आणि तरीही त्याला हाच सौदा शहाणपणाचा वाटतो, ही गोष्ट एखाद्या प्रशासकाला अस्वस्थ करणारी असावी.

ही भीती हवेतून आलेली नाही. मुंबईचा १९४७ चा भाडे नियंत्रण कायदा युद्धोत्तर टंचाईवर तात्पुरता उपाय म्हणून आला आणि मुदतवाढीवर मुदतवाढ घेत अर्धशतक टिकला. भाडे १ सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधलेले. या कायद्यातून सुटका म्हणून लोकांनी भाडेपट्ट्याऐवजी 'लिव्ह अँड लायसन्स'चा, म्हणजे केवळ वापराच्या परवान्याचा, मार्ग काढला. मग १९७३ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली आणि १ फेब्रुवारी १९७३ रोजी जे परवानाधारक घरात राहत होते ते सर्व एका लेखणीच्या फटकाऱ्याने संरक्षित भाडेकरू ठरले. ज्याने अकरा महिन्यांसाठी घर दिले होते त्याला एका सकाळी कळले की घर आता व्यवहारतः आपले राहिलेले नाही. मुंबईतील त्या पिढीने हा धडा पुढच्या पिढीला दिला आणि त्या पिढीने तो पुण्या-नागपुरात नेला. १९९७ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने मालपे विश्वनाथ आचार्य प्रकरणात सांगितले की गोठवलेल्या भाड्याच्या तरतुदी काळाच्या ओघात अवाजवी आणि मनमानी झाल्या आहेत. तोपर्यंत त्यांना पन्नास वर्षे होऊन गेली होती.

इतर राज्यांतील वाचकांनी हा केवळ मुंबईचा आजार समजू नये. दिल्लीत १९५८ चा भाडे नियंत्रण कायदा आहे. त्याच्या जागी संसदेने १९९५ मध्ये नवा कायदा संमत केला, राष्ट्रपतींची संमतीही मिळाली. तो कधी लागूच केला गेला नाही. अंमलाची तारीख ठरवणारी एक अधिसूचना काढायची होती, ती निघाली नाही. संसदेने केलेला कायदा एका अधिसूचनेअभावी कपाटात राहतो, याहून घरमालकाने आणखी कोणता इशारा घ्यावा?

आता 'शक्यतो सरकारी नोकर' या मागणीकडे वळू. ही मागणी ऐकली की मला हसू येते आणि थोडी लाजही वाटते. मुंबईत शासनाने जमीन व इमारत अधिग्रहणाच्या कायद्याखाली खासगी मालकांची घरे ताब्यात घेऊन त्यांत आपले अधिकारी-कर्मचारी बसवले होते. अधिग्रहण हे स्वभावतः तात्पुरते असते. येथे ते दशकानुदशके चालले. १९९४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ग्राहक संस्था मंच प्रकरणात, असे अधिग्रहण अनिश्चित काळ चालू ठेवता येणार नाही, घरे मोकळी करा, असे सांगितले. त्यावर शासनाने काय केले? १९९६-९७ मध्ये कायदा बदलून त्या घरांतील शासकीय वाटपधारकांना भाडेकरूचा दर्जा देऊन टाकला. २००३ मध्ये ही दुरुस्ती घटनात्मक कसोटीवर टिकली हे खरे. पण जे वैध ते भरवशाचे असतेच असे नाही. घर परत करण्याची वेळ आली तेव्हा ज्या भाडेकरूकडे कायदाच बदलण्याची ताकद होती, त्याने ती वापरली, एवढे मात्र त्या घरमालकांच्या नातवंडांनाही ठाऊक आहे.

याउलट शासन स्वतः घरमालक असते तेव्हा? तेव्हा त्याला दिवाणी न्यायालयाचा संथपणा सोसत नाही. सार्वजनिक जागांवरील अनधिकृत भोगवटादारांना काढण्यासाठी संसदेने १९७१ चा स्वतंत्र कायदा केला. त्यात शासनाचाच मालमत्ता अधिकारी नोटीस देतो, सुनावणी घेतो आणि आदेश काढतो. दिवाणी न्यायालयाला तेथे प्रवेश नाही. २०१९ मध्ये त्यात दुरुस्ती होऊन शासकीय निवासस्थानांसाठी कारणे दाखवा नोटिशीची मुदत तीन दिवसांवर आली. इतके असूनही मुदतीनंतर बंगल्यात राहणारे संपत नाहीत. उत्तर प्रदेशातील माजी मुख्यमंत्र्यांना सरकारी बंगले सोडायला सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये सांगितले. राज्याने कायदा दुरुस्त करून ते बंगले पुन्हा त्यांच्याच नावे ठेवले, आणि न्यायालयाला २०१८ मध्ये ती दुरुस्तीही रद्द करावी लागली.

थोडक्यात, भोगवटादार हटत नसेल तर तातडीची यंत्रणा लागते हे शासनाला पुरते समजते. स्वतःच्या घरांसाठी ती त्याने १९७१ मध्येच उभी केली. नागरिकाच्या घरासाठी मात्र त्याने वेगळेच औषध शोधले : भाडेकरूची पोलीस पडताळणी.

या पडताळणीबद्दल वाचकांना थोडे आतले सांगायला हवे. बहुतेक शहरांत ही सक्ती कोणत्याही भाडेविषयक कायद्यातून आलेली नसून मनाई आदेशातून आलेली आहे. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १४४ होते, १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १६३ आहे. तातडीच्या धोक्यासाठी दिलेला हा अधिकार. म्हणूनच त्या आदेशाचे आयुष्य सर्वसाधारणपणे दोन महिन्यांचे. मग दर दोन महिन्यांनी तोच मसुदा, तारीख बदलून, पुन्हा येतो. असे मसुदे मी पाहिले आहेत. 'समाजकंटक भाडेकरू म्हणून आश्रय घेण्याची शक्यता' हे वाक्य वर्षानुवर्षे एका शब्दाचाही फरक न होता पुढे सरकत असते. एका जिल्ह्यात पोलीस ठाण्याच्या तपासणीच्या वेळी मी सहज विचारले, या अर्जांचे पुढे काय होते? हवालदाराने अदबीने कपाट उघडून दाखवले. सुतळीने बांधलेले गठ्ठे होते. त्यांवर पोच म्हणून शिक्का मारलेला होता, आणि शिक्का हीच पडताळणी होती.

ऑनलाइन अर्ज आल्यापासून गठ्ठे गेले असतील. प्रश्न मात्र गठ्ठ्यांचा नाही. समजा ही पडताळणी अत्यंत काटेकोरपणे झाली, तरी ती काय सांगेल? या माणसावर गुन्हा नोंदलेला आहे की नाही. नव्या घरमालकाला हे जाणून घ्यायचे नसते असे नाही, परंतु भाडे थकवणे हा गुन्हा नाही, मुदतीनंतर राहणे हाही सहसा गुन्हा नाही. या गोष्टी करणारे बहुसंख्य लोक पोलिसांच्या दप्तरात निष्कलंक असतात. शासनाने प्रश्नच बदलला आणि त्या बदललेल्या प्रश्नाचे उत्तर न दिल्यास शिक्षा मात्र घरमालकाला ठेवली.

मग उरते ती मालकाची स्वतःची चाळणी. तिची गुणवत्ताही तपासून पाहू. माझ्या परिचयातील एका निवृत्त लेखापालांनी नागपुरात दोन खोल्यांचे घर घेतले. पहिला भाडेकरू निवडण्यात त्यांनी आठ महिने घालवले. भाडे १४,००० रुपये अपेक्षित होते, म्हणजे १ लाख १२ हजार रुपये या निवडीतच गेले. या काळात त्यांनी एका परिचारिकेला नाकारले (रात्रपाळी करते म्हणून), दोन संगणक अभियंत्यांना नाकारले (लग्न झालेले नाही म्हणून), आणि शेवटी स्वतःच्याच पोटजातीतील, ओळखीतून आलेल्या एका गृहस्थांना घर दिले. आपलाच माणूस असल्यामुळे शंभराच्या मुद्रांकावर नोटरीपुढे कागद केला. नोंदणीसाठी दुय्यम निबंधकाकडे जाण्याची गरज कोणालाच वाटली नाही. हे २०१९ मधले. सहाव्या महिन्यापासून भाडे थांबले. मुदत संपल्यावर गृहस्थ म्हणू लागले की भाडे मुळात ६,००० रुपयेच ठरले होते.

येथे कायदा काय म्हणतो ते पाहण्यासारखे आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ चे कलम ५५ सांगते की करार लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे, ती जबाबदारी घरमालकाची आहे, आणि तसा नसेल तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाईल. त्याच कायद्याचे कलम २४ सांगते की राहण्यासाठी दिलेल्या परवान्याची मुदत संपल्यावर घर न सोडणाऱ्याविरुद्ध सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो, लेखी करारातील मजकूर निर्णायक पुरावा मानला जातो, आणि त्या काळासाठी दुप्पट दराने भरपाई मिळते. म्हणजे वाट आहे. फक्त ती नोंदणीच्या दारातून जाते. या दाराचे शुल्क किती? मुद्रांक शुल्क पाव टक्का. अकरा महिन्यांचे भाडे आणि ५०,००० रुपये अनामतीवरील दहा टक्के मानीव व्याज धरले तरी सुमारे ४०० रुपये. शहरी भागात नोंदणी फी १,०००. आठ महिने आडनाव तपासणाऱ्या माणसाला हे कोणी सांगितले नव्हते. त्यांनी मालमत्ता कर भरला, सोसायटीचे शुल्क भरले, पोलिसांचा अर्जही भरला. एवढ्या सरकारी-निमसरकारी खिडक्यांवरून गेलेल्या माणसाला कलम ५५ आणि २४ यांविषयी एकाही खिडकीवरून एक ओळ ऐकायला मिळाली नाही.

दुसरे उदाहरण नाकारल्या गेलेल्याचे. एक तरुण मुस्लिम अधिकारी, दिल्लीत पहिली नेमणूक, निवासस्थान मिळायला काही महिने लागणार होते. लोकसेवा आयोगाने त्यांची परीक्षा घेतलेली, गुप्तचर यंत्रणेने पूर्वचारित्र्य तपासलेले, पगार थेट बँकेत. 'शक्यतो सरकारी नोकर' या मागणीत चपखल बसणारा माणूस. फोनवर हुद्दा ऐकून घर मिळे आणि नाव ऐकून जाई. कारण प्रत्येक वेळी सौजन्याने सांगितले जाई : आत्ताच दुसऱ्यांना दिले. हा एकट्या दुकट्याचा अनुभव नव्हे. सुखदेव थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली व परिसरात वेगवेगळ्या नावांनी घरमालकांशी संपर्क साधून केलेला अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. दलित आणि मुस्लिम नावांना नकार आणि जाचक अटी स्पष्टपणे अधिक मिळाल्या. घटनेचे कलम १५(२) दुकाने, उपाहारगृहे, विहिरी, तलाव, रस्ते यांबाबत खासगी भेदभावालाही मनाई करते. भाड्याच्या घराचा त्यात उल्लेख नाही, आणि १९५० नंतर आपण ही पोकळी भरण्याचा गंभीर प्रयत्न केलेला नाही.

यावर 'घर माझे, मी कोणालाही देईन' हे उत्तर ठरलेले आहे. ते मी पूर्णपणे झिडकारत नाही. वरच्या मजल्यावर स्वतः राहणारी वृद्ध विधवा खालची खोली कोणाला द्यायची हे ठरवताना जरा अधिक निवडक असेल तर मी तिला प्रवचन देणार नाही. पण स्वतः दुसऱ्या शहरात राहून केवळ भाड्याच्या उत्पन्नासाठी घर देणारा हा एक व्यवसायच करत असतो, आणि व्यवसायाला व्यवसायाचे नियम हवेत. शिवाय ज्यांना विश्वासू भाडेकरू हवा असतो त्यांतले अनेक जण भाडे रोखीत मागतात, पॅन क्रमांक द्यायला नकार देतात आणि अनामत परत करताना रंगकामाच्या नावाखाली निम्मी कापतात. विश्वासू घरमालकाची पडताळणी कोणत्या ठाण्यात होते, असे भाडेकरूने विचारले तर आपल्याकडे उत्तर नाही.

अनामतीचा विषय निघालाच आहे तर एक निरीक्षण. बंगळुरूत दहा महिन्यांचे भाडे अनामत म्हणून मागण्याची प्रथा वर्षानुवर्षे होती, तर दिल्लीत एक-दोन महिन्यांवर भागत असे. ही रक्कम म्हणजे न्याययंत्रणेवरील अविश्वासाची किंमत असते, आणि ती भाडेकरू भरतो. केंद्राने जून २०२१ मध्ये मंजूर केलेल्या आदर्श भाडेकरार कायद्यात निवासी घरांसाठी अनामतीवर दोन महिन्यांची मर्यादा आहे. चांगली गोष्ट आहे. परंतु मर्यादा घातली आणि निकाल मात्र पूर्वीइतकाच लांब राहिला, तर मालकाच्या हातातील एक साधन जाईल आणि तो दुसरे अधिक घट्ट धरील. ते दुसरे साधन म्हणजे पुन्हा आडनाव.

म्हणून या आदर्श कायद्याचा सर्वांत महत्त्वाचा भाग मला भाडे न्यायालयाचा वाटतो. अर्ज ६० दिवसांत निकाली काढण्याचा प्रयत्न करावा असे तो म्हणतो. मुदतीनंतर राहणाऱ्याला पहिले दोन महिने दुप्पट आणि नंतर चौपट भाडे लावतो. उत्तर प्रदेशाने २०२१ मध्ये याच धर्तीवर कायदा केला, तामिळनाडूने तर त्याआधीच, २०१७ मध्ये, करून २०१९ मध्ये लागू केला. विषय राज्यसूचीतील असल्यामुळे केंद्र नमुना देऊ शकते, सक्ती करू शकत नाही. पण त्या नमुन्यातही एक मेख आहे आणि ती आमच्या सेवेतील माणसालाच चटकन दिसेल. भाडे न्यायालयाचे काम अपर जिल्हाधिकारी किंवा त्या दर्जाच्या अधिकाऱ्याकडे दिलेले आहे. या अधिकाऱ्याच्या टेबलावर आधीच महसुली अपिले असतात, भूसंपादन असते, निवडणूक आली की सहा महिने दुसरे काहीच नसते, पूर आला की तो बांधावर असतो. अशा टेबलावर ठेवलेली ६० दिवसांची मुदत ही शुभेच्छा ठरते. फक्त हेच काम करणारा अधिकारी, त्याला दोन लेखनिक, आणि दरमहा किती अर्ज आले, किती निकाली निघाले, किती घरांचा ताबा प्रत्यक्ष मिळाला हे आकडे कार्यालयाच्या दारावर व संकेतस्थळावर. एवढे जेथे होईल तेथेच हा कायदा जिवंत राहील. पदे निर्माण करायची म्हटले की वित्त विभाग आक्षेप घेतो. मनाई आदेशांना तो घेत नाही, कारण ते फुकट निघतात.

तोवर पहिल्यांदाच घर देणाऱ्याने काय करावे, हे विचारणाऱ्यांना मी जे सांगतो ते येथे लिहून ठेवतो. करार नोंदवा, मग भाडेकरू सख्खा मेव्हणा असला तरी. भाडे बँकेतूनच घ्या. भाडेकरूच्या उत्पन्नाचा पुरावा पाहा. भाडे त्याच्या मासिक प्राप्तीच्या तिसऱ्या हिश्शाच्या फार वर जात असेल तर तो कितीही सज्जन असला तरी कधीतरी थकणारच. त्याच्या पूर्वीच्या घरमालकाशी बोला, आणि सध्याच्यापेक्षा त्याच्याही आधीच्याशी. सध्याच्याला तो जायला हवा असेल तर तो स्तुतीच करील. घरातील वस्तूंची यादी छायाचित्रांसह कराराला जोडा. दुसऱ्या महिन्याचे भाडे चार दिवस उशिरा आले तर त्याच दिवशी, न चिडता, लेखी विचारा. यांतील एकाही गोष्टीला अर्जदाराची जात, धर्म किंवा स्वयंपाकघर लागत नाही. नाकारलेल्या त्या परिचारिकेकडे कायम नोकरी होती, पगारपत्रक होते आणि आधीच्या दोन घरमालकांचे दूरध्वनी क्रमांकही होते. लेखापाल महोदयांनी ते लावून पाहिले नाहीत.

हा सल्ला देणे माझे काम नसावे. करार नोंदवताना दुय्यम निबंधकाच्या कार्यालयातून, किंवा आता ऑनलाइन नोंदणीत पडद्यावरून, प्रत्येक नव्या मालकाला आणि भाडेकरूला मराठीत, आणि त्या त्या राज्यात तेथील भाषेत, एक पान मिळायला काय अडचण आहे? मुदत संपली आणि घर सुटले नाही तर अर्ज कोणत्या कार्यालयात करायचा, त्याचा पत्ता, शुल्क किती, गेल्या वर्षी तेथे निकालाला सरासरी किती दिवस लागले. अनामत परत मिळाली नाही तर भाडेकरूने कोठे जायचे. नोंदणी झाली की तीच माहिती पोलिसांकडे आपोआप जाईल आणि वेगळ्या अर्जाची गरज उरणार नाही. ज्या आदेशाला दर दोन महिन्यांनी नवा जन्म द्यावा लागतो तो मग पुन्हा न काढला तरी चालेल. हे पान छापायला कायद्यात दुरुस्ती लागत नाही, मंत्रिमंडळाची मंजुरी लागत नाही. एक परिपत्रक पुरते, आणि परिपत्रक काढण्यात आमचे प्रशासन कधीच मागे नसते.